ओपनिंग किती पाठ करायची?

स्पर्धेच्या हॉलबाहेर थांबलेले पालक प्रशिक्षकाला एक प्रश्न हमखास विचारतात: “सर, आमच्या मुलीला किती ओपनिंग यायला हव्यात?” कुणाला आकडा हवा असतो, कुणाला पुस्तकाचं नाव. मुलं जरा मोठी झाली की तेच स्वतः विचारतात, पण तक्रारीच्या सुरात: “पंधरा चाली पाठ होत्या. समोरच्याने सहाव्याच चालीला वेगळं काहीतरी केलं आणि मी हरलो. मग पाठ करून उपयोग काय?”

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. तिथवर जायला थोडी आकडेमोड लागेल आणि चारशे वर्षं जुन्या एका सापळ्याची ओळख करून घ्यावी लागेल.

१. आधी घरांचे पत्ते

पटावरच्या उभ्या ओळींना पांढऱ्याच्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावं आहेत. आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. नुसतं ‘ई४’ लिहिलं असेल तर प्यादं त्या घरात गेलं असं समजायचं. मोहरा गेला तर त्याचं नाव आधी येतं, जसं ‘घोडा एफ३’. ज्यांना हे येतं त्यांनी थेट पुढे जावं.

२. झाड केवढं, त्यातलं आपलं किती

डावाच्या सुरुवातीला पांढऱ्यापुढे २० चाली असतात, १६ प्याद्यांच्या आणि ४ घोड्यांच्या. काळ्यापुढेही तेवढ्याच. दोघांची एकेक चाल झाली की ४०० शक्यता होतात, आणि दोन-दोन चाली झाल्या की १,९७,२८१. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० मध्ये सगळ्या संभाव्य डावांचा ढोबळ अंदाज केला तेव्हा उत्तर आलं १ वर १२० शून्यं. हे सगळं पाठ करण्याचा विचार सोडून द्यायला एवढं पुरे आहे.

पण या झाडाच्या बहुतेक फांद्यांशी आपला संबंधच येत नाही. काळ्याच्या बाजूने पहिल्याच चालीला कोपऱ्यातलं प्यादं ढकलणारा माणूस क्वचित भेटतो. शिवाय आपली पाळी असते तेव्हा फांदी आपण निवडतो. हिशेब करून बघू. समजा, प्रत्येक वेळी प्रतिस्पर्ध्याकडे तीन समंजस चाली आहेत आणि आपण प्रत्येक ठिकाणी आपली एकच चाल ठरवून ठेवली आहे. पाच चालींपर्यंत ३ × ३ × ३ × ३ × ३, म्हणजे २४३ वाटा होतात. आता “कधी हे खेळू, कधी ते” असं म्हणत आपण प्रत्येक ठिकाणी स्वतःसाठीही दोन चाली ठेवल्या, तर त्या २४३ चे होतात ७,७७६.

ओपनिंगचा संच म्हणजे, खेळाडू ज्याला रेपर्टॉयर म्हणतात तो, हा पहिला हिशेब आहे: स्वतःच्या पाळीला एक चाल, समोरच्याच्या पाळीला त्याच्या सगळ्या समंजस चाली. नवशिक्या मुलांच्या वह्यांत बहुधा उलटं आढळतं. स्वतःसाठी चार पर्याय नोंदवलेले असतात, कारण चारही आवडले. प्रतिस्पर्ध्यासाठी एकच, कारण व्हिडिओत त्याने तोच खेळला होता.

प्रत्यक्षात २४३ ही भीतीही जास्तच आहे. वेगवेगळ्या क्रमाने खेळूनही अनेक वाटा त्याच स्थितीत येऊन मिळतात. आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच वाटांवर पाठ करण्यासारखं काही नसतंच. का नसतं, ते चौथ्या भागात.

३. निवड कशावरून करायची

“सर्वांत चांगली ओपनिंग कोणती?” याला उत्तर नाही. रूढ ओपनिंगांपैकी बहुतेक सगळ्या खेळण्याजोग्या आहेत. विचारायचं ते हे: पंधराव्या चालीला पटावर जे चित्र उभं राहील त्यात मला काय करायचं ते कळेल का?

उदाहरणार्थ, पांढऱ्याने वजीराच्या बाजूचं गँबिट खेळून चौथ्या चालीला प्याद्यांची अदलाबदल केली (१. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी-प्याद्याने डी५ वरचं मारलं, काळ्याने ई-प्याद्याने परत मारलं), तर पांढऱ्याकडे सी-प्यादं उरत नाही आणि काळ्याकडे ई-प्यादं. आता काळ्या बाजूने कॅरो-कान घ्या, त्यातही अदलाबदलीची वाट (१. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई-प्याद्याने डी५ वरचं मारलं, सी-प्याद्याने परत मारलं). इथे काळ्याकडे सी-प्यादं नाही आणि पांढऱ्याकडे ई-प्यादं नाही. तीच रचना, रंग बदलून! पहिल्या ओपनिंगमध्ये पांढरा आपलं बी-प्यादं पुढे नेत समोरच्याच्या सी-प्याद्याला टोचतो. दुसरीत तेच काम काळा करतो. एक कल्पना नीट शिकली की दोन्ही रंगांत उपयोगी पडते. आठवड्याला चार-पाच तास मिळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अशी जोडी लावणं पंधरा चमकदार लाईनींपेक्षा मोलाचं, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिस्पर्धी कोण, हेही निवडीत येतं. २००० साली लंडनमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकपुढे कास्पारोव होता, त्या काळी ओपनिंगच्या तयारीत जगात सगळ्यांच्या पुढे. क्रामनिकने त्याच्या ई४ ला बर्लिन बचावाने उत्तर दिलं. त्यातल्या मुख्य लाईनमध्ये आठव्या चालीला दोन्ही वजीर पटाबाहेर जातात आणि काळ्याचा किल्लेकोटाचा हक्कही जातो. दिसायला काळ्याची स्थिती गरीब, पण हल्ला करायला कास्पारोवकडे वजीरच उरला नाही. त्या लढतीत बर्लिन चार डावांत आला आणि चारही बरोबरीत सुटले. क्रामनिक ८.५–६.५ असा जिंकून जगज्जेता झाला. कास्पारोवला एकही डाव जिंकता आला नाही.

जाता जाता एक आपल्या देशाची गोष्ट. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं. कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरसमोर महेशचंद्र बॅनर्जी बसायचे, ते याच सवयीने प्यादी एकेक घर सरकवत आणि उंट कडेच्या तिरक्या रेषेवर ठेवत. आज ‘किंग्ज इंडियन’ वगैरे नावांत जो ‘इंडियन’ आहे, त्याचं मूळ या डावांत सांगितलं जातं. त्या काळच्या युरोपला ही मांडणी अडाणी वाटली होती.

४. शार्प लाईन म्हणजे काय

सपाटीवरच्या रस्त्यावर वळण चुकलं तर दहा मिनिटं जातात. घाटात चुकलं तर दरी. बुद्धिबळातही ओपनिंगच्या अशा दोन जाती आहेत. शांत लाईनमध्ये पहिल्या क्रमांकाची चाल आणि चौथ्या क्रमांकाची चाल यांत फरक किरकोळ असतो. सामान्य समज असेल तर डाव निभावतो. शार्प लाईनमध्ये एक चाल जगवते आणि तिच्या शेजारची, तितकीच सभ्य दिसणारी चाल मारते.

मघाचं राहिलेलं उत्तर यातच आहे. पाठांतराची गरज ठरते ती सर्वांत चांगली चाल आणि तिच्यानंतरची चाल यांच्यातल्या अंतरावरून. अंतर कमी असेल तिथे कल्पना समजली की पुरे. अंतर मोठं असेल तिथे पाठ करायचंच. पंधरा चालींच्या लाईनीत अशी ठिकाणं सहसा दोन-तीन निघतात. ज्या मुलाने पंधराही चाली सारख्याच जोराने पाठ केल्या, त्याला कोणत्या दोन जीवघेण्या होत्या ते माहीत नसतं.

हे डोळ्यांनी बघायला ‘टू नाइट्स’ बचावाइतकं चांगलं मैदान नाही. शाळकरी स्पर्धांत रोज येतो, म्हणून कामाचाही आहे.

५. एफ७ वरचा दरोडा

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६. आता पांढरा खेळतो ४. घोडा जी५. उंट आणि घोडा दोघांचा डोळा एफ७ वर, जिथलं प्यादं फक्त राजाच्या भरवशावर उभं आहे. एकच मोहरा दोनदा हलवून हल्ला करणं हे ओपनिंगच्या शिकवणीविरुद्ध. जर्मन खेळाडू आणि शिक्षक टाराश या चालीवर उखडून असायचा. पण चाल चांगली आहे, आणि चांगल्या चालीवर तत्त्वाने रागावून काही होत नाही.

काळा उंटाची वाट अडवतो: ४... डी५. पांढरा मारतो: ५. ई-प्यादं डी५ वर. आता काळ्याचा हात आपोआप कुठे जातो? घोड्याने प्यादं परत मारायला. सगळ्या जगात शिकाऊ खेळाडू ५... घोड्याने डी५ मारतात, आणि इथेच दरी आहे.

६. घोडा एफ७! पांढरा घोडा देतो. तो वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम चालून आलाय, म्हणून राजाला तो मारावाच लागतो. ७. वजीर एफ३, शह. आता राजा कुठे जाणार? जी८ वर गेला तर उंट डी५ वरचा घोडा शह देत मारतो, काळा वजीर उंटाला मारतो, पांढरा वजीर त्याला मारत पुन्हा शह देतो. काळा उंट ई६ वर मध्ये घातला तर वजीर तोही मारतो आणि मात. राजा ई८ वर परत गेला तर उंट डी५ वरचा घोडा घेतो आणि एफ७ वर मात करण्याची धमकी देतो. दिलेला घोडा वसूल झाला, वर एक प्यादं. म्हणून राजा पुढेच येतो: ७... राजा ई६. वजीर, हत्ती, उंट सगळे घरी आणि राजा पटाच्या मध्यावर. ८. घोडा सी३, आणि डी५ वरच्या त्या घोड्यावर तिघे तुटून पडतात: उंट, घोडा, वजीर. रक्षक दोनच, राजा आणि वजीर. तिसरा रक्षक आणायला काळ्याला सी६ वरचा घोडा बी४ किंवा ई७ वर हलवावाच लागतो. इतर काहीही खेळला तर डी५ वरचा घोडा पडतो.

यालाच ‘फ्राइड लिव्हर’ म्हणतात. इटालियन खेळाडू पोलेरिओचा रोममधला साधारण १६१० चा डाव याच वाटेने गेला होता. इतक्या जुन्या सापळ्यात मुलं आजही रोज सापडतात. त्यात नवल नाही; पाचव्या चालीला चुकीची चालच सर्वांत नैसर्गिक दिसते.

मग बरोबर कोणती? ५... घोडा ए५. घोडा पटाच्या कडेला, ज्याला आपण मुलांना मनाई करतो. पण तो उंटावर चाल करून जातो, आणि एफ७ वरच्या हल्ल्याचा अर्धा जोर या उंटातच आहे. पुढे ६. उंट बी५ शह, सी६ ७. डी-प्याद्याने सी६ मारलं, बी-प्याद्याने परत मारलं. उंटाला पुन्हा हलायचं आहे, जी५ वरच्या घोड्यालाही लवकरच पळावं लागेल. काळ्याने एक प्यादं गमावलं, बदल्यात वेळ मिळवला.

आता मोजा. या सात चालींत काळ्याची जीवघेणी ठिकाणं किती? दोन. चौथी चाल (डी५) आणि पाचवी (घोडा ए५). बाकीच्या चाली आपसूक सुचतात.

पांढऱ्याच्या बाजूनेही बघू, कारण संच दोन्हीकडून तपासावा लागतो. चौथ्या चालीला काळा डी५ न खेळता ४... उंट सी५ खेळू शकतो. एफ७ सरळ सोडून देतो! ही चेक धर्मगुरू कारेल ट्रॅक्सलरच्या नावाची लाईन, त्याच्या १८९० च्या डावामुळे गाजलेली. पांढऱ्याला एफ७ दोन प्रकारे मारता येतं. घोड्याने मारलं तर वजीर आणि हत्तीवर एकदम हल्ला, दिसायला मेजवानी. पण काळा उंटाने एफ२ मारत शह देतो आणि पांढऱ्याच्या राजाची धिंड सुरू होते. तिथे दोन्ही बाजूंना एकामागून एक अचूक चाली हव्यात. उंटाने मारलं, ५. उंट एफ७ शह, तर राजा ई७ वर जातो, उंट शांतपणे मागे येतो, पांढऱ्याकडे एक जास्तीचं प्यादं आणि काळ्याचा किल्लेकोट कायमचा गेला. लक्षात ठेवण्यासारखं फारसं काही नाही. मी निःसंकोच दुसरी वाट संचात ठेवायला सांगतो. पहिली घरी मजेसाठी बघावी, जरूर बघावी.

६. समोरच्याचा वकील

शार्प लाईनचं विश्लेषण करताना डोकं एका दिशेला घसरतं: आपल्याला हवी तशी सुंदर वाट दिसली की प्रतिस्पर्धी तिच्यावरूनच चालेल असं आपण धरून चालतो. यावर उपाय म्हणजे त्याच्या प्रत्येक पाळीला पट फिरवून त्याच्या खुर्चीत बसणं. सगळे शह बघायचे, मग सगळ्या मारामाऱ्या, मग धमक्या. आणि सर्वांत शेवटी शांत चाली. सोविएत ग्रँडमास्टर कोटोवने ‘उमेदवार चाली’ हा शब्द रूढ केला: आधी सर्व उमेदवार कागदावर लिहा, मग एकेकाची छाननी करा. पहिलाच उमेदवार आवडला म्हणून त्याच्याच मागे खोल जाऊ नका. थांबायचं कुठे? शह आणि मारामाऱ्या संपून धूळ बसेल तिथे. मारामारीच्या मध्येच थांबून “पांढरं बरं” असं लिहिणं म्हणजे विश्लेषण अर्धवट टाकणं.

हे न केल्याने जगज्जेतेपदाच्या लढतीत काय झालं ते बघा. १९८५, मॉस्को. कार्पोव जगज्जेता, कास्पारोव २२ वर्षांचा आव्हानवीर. बाराव्या डावात, सिसिलियन बचावात, कास्पारोवने आठव्या चालीला डी-प्यादं पुढे ढकलून सरळ बळी दिलं. डाव बरोबरीत सुटला. सोळाव्या डावात त्याने तेच पुन्हा केलं. कार्पोवचे दोन घोडे ए३ आणि सी३ वर अडखळलेले; काळ्याचा एक घोडा बी४ वर, डी३ कडे नजर लावून. अकराव्या चालीला काळ्याचा उंट सी५ वर आला. कार्पोवने सभ्यपणे किल्लेकोट केला. पुढे तो काळा घोडा डी३ वर जाऊन बसला आणि त्याने पांढऱ्याचे मोहरे अक्षरशः गोठवून टाकले. कास्पारोवने डाव जिंकला, पुढे लढतही १३–११ अशी जिंकली. सोळावा डाव त्याच्या सर्वांत गाजलेल्या डावांत गणला जातो.

पण ती ओपनिंग चुकीची होती. पुढच्याच वर्षी ब्रसेल्सच्या स्पर्धेत डच ग्रँडमास्टर व्हान डर विलने तीच लाईन कार्पोवविरुद्ध खेळली. या वेळी कार्पोवने बाराव्या चालीला किल्लेकोट न करता उंट ई३ वर ठेवला. काळ्याने तो उंट मारला: १२... उंटाने ई३. आता १३. वजीर ए४, शह! ए४ वरून वजीर राजाला शह देतो आणि त्याच वेळी बी४ वरच्या घोड्यावरही हल्ला करतो. १३... घोडा डी७ १४. वजीर बी४ वरचा घोडा मारतो. आता काळ्याचा उंट पडायच्या बेतात, म्हणून तो सी५ वर मागे येत वजीरावर चालून जातो. १५. वजीर ई४, पुन्हा शह. राजा एफ८ वर जातो, किल्लेकोट संपला, हत्ती कोपऱ्यात कोंडला, आणि पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त. कार्पोव जिंकला.

पटाकडे परत बघा. निर्णायक चाल होती ए४ वरचा एक शह. बी५, सी६, डी७ ही घरं रिकामी होती, म्हणून तो शह शक्य होता. ‘आधी सगळे शह बघा’ हा नियम पाळणाऱ्या शाळकरी मुलालाही तो दिसण्याची शक्यता आहे. अडचण एवढीच की तो दिसण्याआधी उंट ई३ ही चाल सुचावी लागते, आणि ती वरवर पाहता मोहऱ्यांची साधी अदलाबदल वाटते.

७. इंजिनला काय विचारायचं

आज असा शोध स्टॉकफिशसारखं इंजिन फोनवर काही सेकंदांत लावतं. मग आपण विश्लेषण करायचंच कशाला? कारण इंजिन उत्तर देतं, धडा देत नाही. ते ‘+०.५’ दाखवतं, म्हणजे ढोबळमानाने पांढऱ्याकडे अर्ध्या प्याद्याइतकी आघाडी, ‘०.००’ दाखवतं, म्हणजे दोघांनीही अचूक खेळलं तर बरोबरी. पण ती बरोबरी आरामात बसून मिळते की एकामागून एक अशक्यप्राय चाली शोधून, हे त्या शून्यात दिसत नाही.

म्हणून इंजिनमध्ये एकाऐवजी तीन चाली दाखवणारी सोय चालू करावी आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर बघावं. आपल्या पाळीला ते एका प्याद्याहून जास्त असेल तर वहीत लाल खूण: इथे पाठ. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीला तेवढं अंतर असेल आणि त्याची बरोबर चाल विचित्र दिसणारी असेल, तर ती लाईन आपल्यासाठी चांगला सापळा आहे, इंजिन बरोबरी म्हणत असलं तरीही.

डेटाबेसमधल्या टक्केवारीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. एखाद्या चालीने ६० टक्के डाव जिंकले असं दिसतं, तेव्हा ती खेळणारे प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वरच्या रेटिंगचे होते का, आणि डाव कोणत्या वर्षांचे आहेत, हे आधी तपासावं. कास्पारोवच्या त्या बळीची टक्केवारी १९८५ च्या डिसेंबरात फारच देखणी दिसली असती.

८. संच जुना होतो

एकदा केलेला संच आयुष्यभर पुरत नाही. स्टाइनिट्झने १८९१ च्या तारेवरच्या लढतीत चिगोरिनविरुद्ध याच टू नाइट्समध्ये नवव्या चालीला घोडा एच३ वर नेला आणि तो हरला. चाल विनोदी समजून अडगळीत गेली. १९६३ मध्ये फिशरने ती न्यूयॉर्क राज्यातल्या स्पर्धेत बिसगायरविरुद्ध बाहेर काढली आणि जिंकला. ७२ वर्षांत चाल बदलली नव्हती, तिच्याकडे बघणारा बदलला होता.

आनंदने २००८ मध्ये बॉनला क्रामनिकविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत जे केलं ते तर पूर्ण बदलाचं उदाहरण आहे. तो प्रामुख्याने ई४ खेळणारा. क्रामनिकची सगळी तयारी तशीच असणार हे उघड होतं. आनंदने पांढऱ्या मोहऱ्यांनी डी४ ला सुरुवात केली. आणि काळ्या बाजूने, तिसऱ्या डावात, सेमी-स्लाव्हमधल्या मेरान या अत्यंत शार्प लाईनमध्ये चौदाव्या चालीला उंट बी७ वर नेला, जी चाल तिथे फारसं कुणी खेळत नव्हतं. आनंद जिंकला. पाचव्या डावात क्रामनिकने तीच लाईन पुन्हा येऊ दिली. घरी उत्तर शोधून आला असणार. पण पंधराव्या चालीला आनंदनेच आधी वाट बदलली: तिसऱ्या डावात उंट डी६ खेळला होता, आता हत्ती जी८. क्रामनिकच्या अभ्यासाची पानं तिथेच संपली, आणि आनंद काळ्या मोहऱ्यांनी पुन्हा जिंकला. सहा डावांनंतर गुण होते ४.५–१.५. लढत त्याने ६.५–४.५ अशी खिशात घातली. शेवटच्या डावात, जेव्हा फक्त बरोबरी पुरणार होती, तेव्हा मात्र तो पुन्हा आपल्या ई४ कडे आला.

आपल्याकडे आनंदसारखे नीलसन, कासिमजानोव, वोय्ताशेक, सूर्यशेखर गांगुली असे मदतनीस नसतात. आपल्याला एवढंच जमतं: प्रत्येक डाव झाला की आपल्या वहीपासून वाट कुठे फुटली ते शोधायचं, तेवढ्या एका ठिकाणी भर घालायची, आणि बाकी वहीला हात लावायचा नाही. एका पराभवाने चिडून अख्खी ओपनिंगच फेकून देणारे दरवर्षी नवी ओपनिंग शिकतात आणि दरवर्षी सहाव्या चालीला अडकतात.

९. आणि सहाव्या चालीला वेगळं झालं तर?

मघाचा टू नाइट्सच घेऊ. काळ्याने ५... घोडा ए५ पाठ केलंय. सात चाली झाल्या, पांढऱ्याचा उंट बी५ वर हल्ल्यात आहे. वहीत लिहिलंय ८. उंट ई२, मग काळा एच६ खेळून घोडा हुसकतो, घोडा एफ३ वर जातो, काळा ई४ ढकलून त्याला पुन्हा पळवतो. पण समोरचा खेळतो ८. उंट डी३. आपल्याच डी-प्याद्यापुढे उंट ठेवलाय! वहीत काही नाही.

घड्याळ चालू असताना दोन प्रश्न विचारायचे. ही चाल मला काय करू देत नाही? आणि तिने त्याला स्वतःला काय अडवलं?

पहिल्याचं उत्तर: आता एच६ खेळलं तर घोड्याला ई४ वर जागा आहे, उंट तिथे पहारा देतोय. म्हणजे माझी ई४ ढकलायची योजना बंद. वहीतली एच६ यांत्रिकपणे खेळून उपयोग नाही. दुसऱ्याचं उत्तर: त्याचं डी-प्यादं अडकलं, म्हणून सी१ वरचा उंट घरातच राहणार, त्याला सगळे मोहरे बाहेर काढायला वेळ लागणार. मग मला माझे मोहरे भराभर आणि धमकी देत आणायचे आहेत. एफ६ वरचा घोडा हलला तर त्याच्यामागे काय उघडतं? वजीराची तिरकी रेषा, डी८ पासून थेट जी५ वरच्या घोड्यापर्यंत. म्हणून ८... घोडा डी५. पांढऱ्याचा घोडा हल्ल्यात आला, त्याला एफ३ वर मागे जावं लागतं किंवा कुणाचा तरी आधार शोधावा लागतो. तो ९. घोडा एफ३ खेळला तर ९... उंट डी६ ने ई५ चं प्यादं राखलं जातं आणि आणखी एक मोहरा कामाला लागतो. पांढऱ्याने किल्लेकोट केला की डी५ वरचा घोडा एफ४ वर उडी घेतो, थेट डी३ वरच्या त्या अवघडलेल्या उंटासमोर. काळ्याकडे एक प्यादं कमी आहे, दोन उंट मोकळे आहेत, आणि ग्रँडमास्टरही हीच स्थिती काळ्या बाजूने खेळतात.